ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय : घरच्या अंगणात टायमिंग बेल्ट बदलण्याच्या नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय (टर्बो डिझेल), २००५ सालची. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या शेंद्र्याच्या कारखान्यात ती जोडली गेली आणि वीस वर्षांनी पुन्हा याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात, आमच्याकडे आली. रीपासिंग झाले आहे, पर्यावरण कर भरला आहे, कागदपत्रे पूर्ण आहेत. मात्र आधीच्या मालकांकडून मिळालेल्या बिलांच्या फाइलमध्ये टायमिंग बेल्ट (इंजिनाचे शाफ्ट एकमेकांशी जुळवून फिरवणारा दातेरी रबरी पट्टा) बदलल्याची एकही नोंद नाही. मीटरवर २ लाख ३८ हजार किलोमीटर दिसतात, तेव्हा मूळचा बेल्ट एवढे अंतर चालला असणे शक्य नाही. तो मध्ये कधीतरी बदलला गेला असणार. पण केव्हा, कोणी आणि कोणत्या पद्धतीने, हे कळायला मार्ग नसल्यामुळे बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताण देणारा भाग), आयडलर रोलर (बेल्टला वाट दाखवणारी चाके) आणि पाण्याचा पंप हे सारे एकदमच बदलण्याचे ठरवले आहे.

या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात सोडून सरकला तर काय होते, हे कामाला हात घालण्यापूर्वीच नीट समजून घेतले. १,८९६ घनसेंटिमीटरचे हे डिझेल इंजिन असून त्याचे संपीडन गुणोत्तर १९.५ आहे. पिस्टन सर्वांत वर आला की त्याचा माथा ब्लॉकच्या पातळीच्याही सुमारे १ मिलिमीटर वर येतो, आणि हेडचा तळ सपाट असल्यामुळे त्या क्षणी उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हला जागाच उरत नाही. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) थांबला आणि क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य शाफ्ट) फिरत राहिला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळणारच. मग व्हॉल्व्ह वाकतात, टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधले भाग) फुटतात, कधी कॅमही मोडतो. पेट्रोलच्या काही जुन्या इंजिनांत बेल्ट तुटल्यावर गाडी फक्त बंद पडते. तशी मुभा येथे नाही.

या इंजिनात बेल्ट तीन शाफ्टचे आपसातले नाते सांभाळतो: क्रँक, कॅम आणि डिझेलचा इंजेक्शन पंप. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा आणि पंपाचा एकेक फेरा होतो. पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो, पण त्याला कोणत्याही ठरावीक स्थितीची गरज नसते. बेल्ट चढवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. खरे काम हे तीन शाफ्ट नेमक्या स्थितीत धरून ठेवणे आणि त्या स्थितीतच बेल्टला ताण देणे हे आहे, आणि माझी सगळी तयारी त्याच दृष्टीने चालली आहे.

रविवार, १२ जानेवारी २०२५

सुट्या भागांचा संच आला. त्यात बेल्ट, टेन्शनर, मोठा आणि लहान आयडलर रोलर, धातूचा पंखा असलेला पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, व्हॅक्यूम पंपाचे सील, व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट आणि एकदाच वापरायच्या बोल्टांचा वेगळा पुडा आहे. हे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि त्या ताणामुळेच पकड धरतात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा त्याच मापाने आवळला तर तीच पकड मिळेल याची खात्री देता येत नाही. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

खास हत्यारे चार लागतात. कॅमच्या मागच्या टोकाच्या खाचेत बसणारी पोलादी पट्टी, इंजेक्शन पंपाच्या हबमधून (पुली ज्यावर बसते त्या मधल्या भागातून) आरपार जाणारी पिन, टेन्शनर फिरवण्यासाठी दोन दातांचा पाना आणि कॅमची पुली धरून ठेवणारा लांब दांड्याचा पकडपाना. याशिवाय दोन टॉर्क पाने (ठरावीक जोराने आवळणारे), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), आरसा, चांगली बॅटरी, दोन स्टँड, जॅक आणि लाकडी ठोकळा. ही चार हत्यारे मागवल्याशिवाय कामाला सुरुवात करायची नाही, असे मी पहिल्यापासून ठरवले होते. त्याचे कारण लिहून ठेवणे आवश्यक वाटते.

संध्याकाळी मामा आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत झाली. हत्यारांचा खोका पाहून ते म्हणाले, “एवढं सगळं कशाला रे? पुलीवर आणि बेल्टवर पांढऱ्या रंगाने खुणा कर, दात मोज, नवा बेल्ट त्याच दातांवर चढव. आम्ही टायमिंग गिअर खुणा जुळवूनच बसवायचो.” मी म्हटले, “मामा, तुमच्या गिअरला सैल होणं ठाऊक नव्हतं. या बेल्टला आहे.” त्यांनी थोडा विचार केला आणि काम सुरू होईल तेव्हा बोलाव, असे सांगितले.

मामांचे म्हणणे त्यांच्या इंजिनांपुरते पूर्ण खरे आहे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बसच्या इंजिनांत पोलादी गिअर एकमेकांत बसलेले असत. दातावरची ठोकलेली खूण दोन दातांच्या मधल्या खुणेसमोर आली की शाफ्टांचे नाते कायमचे ठरले. त्यात ताणाचा प्रश्नच येत नसे. रबरी बेल्टचे तसे नाही. त्याच्या ताणलेल्या बाजूची लांबी ताणाप्रमाणे किंचित बदलते, जुना बेल्ट आणि नवा बेल्ट यांत सूक्ष्म फरक असतो, आणि खुणांची पद्धत दात मोजते, दाताच्या आतला फरक मोजत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की रंगाच्या खुणा जुन्या स्थितीची नक्कल करतात. आधीच्या माणसाने काही चुकीचे बसवले असेल तर तीच चूक नव्या बेल्टवर उतरते. जर्मन अभियंत्यांनी या इंजिनात कॅमची पुली किल्लीविना, नुसत्या निमुळत्या टोकावर बसवली आहे आणि पंपाच्या पुलीला लांबट भोके दिली आहेत, ती याचसाठी. दोन्ही शाफ्ट कुलूपबंद करायचे, दोन्ही पुल्या मोकळ्या सोडायच्या, बेल्ट ताणायचा, पुल्यांना आपली जागा शोधू द्यायची आणि मगच त्या आवळायच्या. येथे दातांनी वेळ ठरतच नाही.

शनिवार, १८ जानेवारी २०२५

इंजिन रात्रभर थंड झाल्यानंतर सकाळी सुरुवात केली. टायमिंगचे माप थंड इंजिनावरच घ्यायचे असते.

बॅटरीचे ऋण टोक काढले. हे इंजिन आडवे बसवलेले असून बेल्टची बाजू गाडीच्या उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे चालकाच्या बाजूला येते. पुढचे उजवे चाक उतरवले, आतले प्लॅस्टिकचे आवरण काढले, गाडी स्टँडवर घेतली. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढल्यावर हात घालायला जागा झाली. डिझेल फिल्टर नळ्यांसह बाजूला बांधून ठेवला. इंधनाची एकही नळी उघडली नाही, त्यामुळे पुढे हवा काढण्याचा व्याप उरणार नाही. कूलंटची टाकीही तशीच बाजूला सरकवली.

अल्टरनेटरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर निघाला. क्रँकच्या बाहेरच्या पुलीचे चार ॲलन बोल्ट सैल करण्यापूर्वी त्यांच्या खड्ड्यांतली माती सुईने काढून घेतली, कारण ॲलन की अर्धवट बसली तर बोल्टचे तोंड गोल होते आणि मग छोट्या कामाचे मोठे होऊन बसते. क्रँकच्या मधल्या मोठ्या बोल्टला हात लावलेला नाही. तो क्रँकचे सील बदलायचे असेल तरच काढावा लागतो. आमचे सील कोरडे आहे.

व्हॉल्व्ह कव्हर काढले. हेडच्या दुसऱ्या टोकाचा, ब्रेकच्या बूस्टरला निर्वात पुरवणारा व्हॅक्यूम पंपही काढला. तो कॅमवरूनच फिरतो, आणि तो निघाल्याशिवाय कॅमच्या मागच्या टोकाची खाच दिसत नाही. हेड उघडे राहणार असल्याने त्यावर स्वच्छ सुती कापड अंथरून कडा दोऱ्याने बांधल्या. आमच्या भागात जानेवारीत वाऱ्याबरोबर बारीक धूळ येते, आणि कॅमच्या बेअरिंगमध्ये तिला जागा देणे परवडणार नाही.

रविवार, १९ जानेवारी २०२५

आजचा सगळा दिवस तीन शाफ्ट कुलूपबंद करण्यात गेला. घाई करण्यासारखे यात काहीच नव्हते.

क्रँकची स्थिती बाहेरच्या पुलीवरून नव्हे तर फ्लायव्हीलवरून, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकावरच्या जड चाकावरून, ठरवायची असते. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला एक प्लॅस्टिकचे बूच आहे. ते काढले की आत फ्लायव्हीलचा काठ दिसतो. त्यावरची रेघ आवरणाच्या टोकदार खाचेसमोर आली की पहिला पिस्टन टीडीसीवर, म्हणजे आपल्या सर्वांत वरच्या बिंदूवर, आला. फ्लायव्हीलचा व्यास मोठा असल्यामुळे एका अंशाला रेघ बरेच अंतर सरकते आणि माप सूक्ष्म येते. पण डोळा तिरका असेल तर हाच फायदा वाया जातो. एअर फिल्टरचा पाइप काढून सरळ वरून पाहिले, नंतर आरशातून पाहिले, आणि दोन्ही वेळा रेघ खाचेच्या मधोमध दिसेपर्यंत क्रँक सावकाश फिरवला. इंजिन नेहमी त्याच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवायचे. रेघ पुढे गेली तर किंचित मागे न आणता पुन्हा पूर्ण फिरवून आणायची, नाहीतर बेल्टच्या चुकीच्या बाजूला ताण येऊन कॅमची स्थिती खोटी दिसते. संपीडन जास्त असल्याने पाना हाताने ओढताना दर अर्ध्या फेऱ्याला अडकल्यासारखे होते. तेथे जोर न लावता थोडे थांबले की हवा गळून जाते आणि क्रँक आपोआप वळतो.

क्रँकच्या दोन फेऱ्यांत टीडीसी दोनदा येतो, त्यामुळे नुसती रेघ जुळणे पुरेसे नाही. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही कॅम-लोब (व्हॉल्व्ह दाबणारे कॅमचे उंचवटे) वर, सारख्याच कलाने उभे असले पाहिजेत. तसे दिसल्यावर कॅमच्या मागच्या खाचेत पट्टी सरकवली. पट्टी गेली, पण ती हेडच्या एका बाजूला टेकत होती आणि दुसऱ्या बाजूला फट राहत होती. फीलर गेजने मोजल्यावर फट ०.४ मिलिमीटर भरली. येथे नियम असा आहे की एका टोकाला पट्टी टेकवून दुसऱ्या टोकाची फट मोजायची, तिच्या निम्म्या जाडीची पाती दोन्ही टोकांखाली घालायची आणि पट्टी मध्यावर आणायची. त्याप्रमाणे दोन्हीकडे ०.२ मिलिमीटरची पाती घातली. पट्टी नुसती खाचेत शिरली म्हणून काम झाले असे समजणारा माणूस या ठिकाणी खाचेतला सगळा ढिलेपणा एकाच बाजूला सोडून देतो.

यानंतर इंजेक्शन पंपाची पिन. ती गेली नाही. पंपाच्या हबचे भोक आणि मागच्या कवचाचे भोक यांत थोडासा फरक राहिला होता. बॅटरीच्या उजेडात चंद्रकोरीसारखी कडा स्पष्ट दिसत होती. मामा तेथेच उभे होते, त्यांना दाखवली. क्रँक टीडीसीवर नेमका, कॅम जवळपास मध्यावर आणि पंप बाजूला सरकलेला, अशी जुनी स्थिती होती. आधीचा बेल्ट बसवणाऱ्याने पंप बहुधा कुलूपबंद केला नव्हता. आज रंगाच्या खुणा करून बेल्ट बदलला असता तर हा फरक जसाच्या तसा नव्या बेल्टवर गेला असता. मामा बराच वेळ आत पाहत राहिले आणि म्हणाले, “गिअरमध्ये असं दिसायचं कारणच नव्हतं. तुझी पिन आणलीस ते बरं केलंस.”

पंपाच्या पुलीचे तीन बोल्ट सैल केले आणि मधल्या नटावर पाना ठेवून हब केसभर फिरवला. पिन सरळ आत गेली. हा मधला नट केवळ फिरवण्यासाठी धरायचा, तो सैल मात्र कधीही करायचा नाही. हब पंपाच्या शाफ्टवर कारखान्यात मापाने बसवलेला असतो आणि नट सुटला की ते माप हरवते. ते पुन्हा घरी मिळवता येत नाही. त्या नटावर लाल चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

शनिवार, २५ जानेवारी २०२५

बेल्ट इंजिनाच्या उजव्या माउंटच्या ब्रॅकेटभोवती वेढलेला असल्याने ब्रॅकेट काढल्याशिवाय तो निघत नाही. संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाचा भार घेतला. संप ॲल्युमिनियमचा आहे, तेव्हा ठोकळा रुंद असावा आणि जॅक इंजिन उचलण्यासाठी नव्हे तर फक्त तोलण्यासाठी वापरावा. ब्रॅकेटचा एक लांब बोल्ट चेसिसला अडकतो आणि पूर्ण बाहेर येत नाही. तो ब्रॅकेटमध्येच ठेवून दोन्ही एकत्र काढावे लागतात, आणि परत बसवताना तो आधीच ब्रॅकेटमध्ये घातलेला असावा लागतो. जॅक थोडा वर, थोडा खाली करत एकेका बोल्टला पाना पोहोचवला.

कॅमच्या पुलीचा बोल्ट सैल करताना पुली पकडपान्याने धरली. मागची पट्टी ही शाफ्टची जागा दाखवणारे माप आहे, तिच्यावर बोल्टचा जोर टाकला तर कॅमचे टोक तुटू शकते. बोल्ट दोन आटे सैल ठेवून मागच्या कव्हरच्या भोकातून पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) पुलीवर एक नेमका ठोका दिला. निमुळत्या टोकावरची पकड सुटल्याचा आवाज वेगळाच असतो, तो आला. टेन्शनर सैल केला आणि जुना बेल्ट काढला. या क्षणापासून नवा बेल्ट चढेपर्यंत क्रँक फिरवायचा नाही. गिअरच्या दांड्यावर तशी चिठ्ठी अडकवली.

जुना बेल्ट उजेडात नीट पाहिला. दात शाबूत होते, पण पाठीला बारीक आडव्या भेगा होत्या आणि एका काठाचा धागा उसवू लागला होता. काठ झिजणे हे बेल्टपेक्षा रोलरचे लक्षण असते. मोठा आयडलर हातात घेऊन फिरवला तर तो खरखरत होता आणि त्याच्या बेअरिंगमध्ये ग्रीस जवळपास उरले नव्हते. बेल्टच्या आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात. ताण त्या घेतात आणि रबर त्यांना फक्त आकार देते. म्हणून नवा बेल्ट दुमडायचा नाही, उलटा वळवायचा नाही, तेलाच्या हाताने धरायचा नाही. दोरीचा एक तंतू आत मोडला तरी बाहेरून काही दिसत नाही. दातेरी रबरी बेल्टने कॅम फिरवणारी, मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली मोटार जर्मनीच्या ग्लास कंपनीची १००४ ही होती, ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. साखळीपेक्षा स्वस्त, शांत आणि तेलाविना चालणारी ही रचना साठ वर्षे टिकली, ती या न दिसणाऱ्या दोऱ्यांच्या बळावर.

पाण्याचा पंप काढण्यापूर्वी कूलंट खाली पातेल्यात घेतले. नव्या पंपाच्या ओ-रिंगला कूलंट लावून पंप बसवला, तीन बोल्ट १५ न्यूटन-मीटरने आवळले. बसण्याची जागा आधी नखाने खरवडून, कापडाने पुसून स्वच्छ केली होती. मोठा आणि लहान रोलर बदलले. थर्मोस्टॅटही याच वेळी बदलला.

रविवार, २६ जानेवारी २०२५

झेंडावंदन आटोपून मामा थेट इकडेच आले. आज बेल्ट चढवायचा होता.

आधी तिन्ही कुलपे पुन्हा तपासली. फ्लायव्हीलची रेघ जागेवर, कॅमची पट्टी दोन्ही पात्यांवर सारखी टेकलेली, पंपाची पिन हाताने काढता-घालता येण्याइतकी मोकळी. नवा टेन्शनर बसवताना त्याच्या पाठीचा वाकवलेला कान मागच्या खाचेत गेला आहे हे बोटाने चाचपून पाहिले, कारण तो बाहेर राहिला तर नट आवळला तरी टेन्शनर आपल्या जागी टिकत नाही. पंपाच्या पुलीचे तीन बोल्ट लांबट भोकांच्या मधोमध आणून हाताने टेकवून ठेवले. त्यामुळे नंतर पुली दोन्हीकडे सरकायला सारखी मोकळीक राहते.

कॅमची पुली शाफ्टवरून पूर्ण उतरवली. बेल्ट क्रँकच्या पुलीवरून घेत, रोलर, पाण्याचा पंप आणि इंजेक्शन पंप यांवरून फिरवून, शेवटी पुलीच बेल्टच्या वेढ्यात धरून ती कॅमच्या निमुळत्या टोकावर सरकवली. असे केले की बेल्ट कोणत्याही कडेवरून पेचकसाने ओढावा लागत नाही. पुलीचा बोल्ट एवढाच लावला की पुली डुगडुगू नये, पण बोटाने फिरावी.

ताण देताना दोन दातांच्या पान्याने टेन्शनर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू फिरवला. त्याच्या पुढच्या तबकडीवरची खाच आणि मागच्या पत्र्याचा उंचवटा समोरासमोर येईपर्यंत फिरवायचे आणि त्या स्थितीत नट २० न्यूटन-मीटरने आवळायचा. नट आवळताना टेन्शनर किंचित सरकतो, म्हणून मामांनी पाना घट्ट धरला आणि मी टॉर्क पाना ओढला. पहिल्या वेळी उंचवटा थोडा पुढे गेला, नट सैल करून पुन्हा केले. ताण चढत असताना कॅमची पुली निमुळत्या टोकावर आपोआप थोडीशी फिरली. मामांनी तिकडे बोट दाखवले. तीच अपेक्षित गोष्ट होती: कॅम जागचा हलला नाही, क्रँक जागचा हलला नाही, पुलीने मात्र दोन्ही बाजूंच्या ताणाला सारखी होणारी आपली जागा शोधली.

या स्थितीत कॅमचा बोल्ट, पुली पकडपान्याने धरून, ४५ न्यूटन-मीटरने आवळला. पंपाचे तीन बोल्ट आत्ता जुनेच वापरले आणि २५ न्यूटन-मीटरने आवळले. ताणले जाणारे नवे बोल्ट पंपाचे अंतिम माप ठरल्यावरच लावायचे आहेत, कारण माप जुळवताना त्यांना पुन्हा सैल करण्याची वेळ येणार.

पट्टी आणि पिन काढली. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. कोठेही अडखळ लागली असती तर तेथेच थांबायचे ठरले होते. हाताच्या जोराला व्हॉल्व्ह वाकत नाहीत, स्टार्टरच्या जोराला वाकतात. दोन फेऱ्यांनंतर रेघ पुन्हा खाचेसमोर आणली. पट्टी दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटरच्या पात्यांसह सरकली आणि पिनही सरळ गेली. टेन्शनरची खाच अजून उंचवट्यासमोरच होती. अंगठ्याने बेल्ट जोरात दाबल्यावर दोन्ही एकमेकांपासून सरकल्या आणि अंगठा काढताच पुन्हा समोरासमोर आल्या, म्हणजे टेन्शनरची स्प्रिंग मोकळी आहे.

दात चुकल्याचे परिणाम किती मोठे असतात, याचा हिशेब मामांनी विचारला. समजा कॅमच्या पुलीवर ४० दाते आहेत. एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. इतकी चूक पट्टी आणि पिन लगेच उघडी पाडतात. पट्टीशिवाय मात्र एका दाताच्या आतली, दोन-चार अंशांची चूक कोणालाच दिसत नाही. गाडी सुरू होते, थोडी जास्त धूर सोडते, थोडे जास्त डिझेल पिते, आणि मालक इंजेक्टर बदलत बसतो.

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

माउंटचा ब्रॅकेट परत बसवला, इंजिनाकडचे बोल्ट ४५ न्यूटन-मीटरने आवळले. गाडीच्या अंगाचे बोल्ट नवे घेतले आणि कार्यपुस्तिकेतल्या मापाने, नंतर कोनाने आवळले. बाहेरची पुली, तिचे चार नवे बोल्ट १० न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा. व्हॅक्यूम पंप नव्या सीलसह, व्हॉल्व्ह कव्हर नव्या गॅस्केटसह बसवले. अल्टरनेटरचा बेल्ट चढवला.

कूलंट भरताना लाल जी-१२ प्रकारचे कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेतले. जुन्या निळ्या-हिरव्या प्रकारात ते मिसळले तर तपकिरी गाळ होतो, म्हणून आधी ब्लॉक आणि रेडिएटर स्वच्छ पाण्याने धुऊन काढले. गिअरच्या दांड्यावरची चिठ्ठी काढली. इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झाले. थंडीत डिझेलचा नेहमीचा टकटक आवाज होता, बेल्टच्या बाजूने कोणताही घासण्याचा किंवा शीळ घालण्याचा आवाज नव्हता. हीटर पूर्ण उघडा ठेवून पाणी गरम होऊ दिले, पातळी पुन्हा भरली.

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

पिनने पंपाची स्थिती यांत्रिक दृष्ट्या बरोबर येते, पण प्रत्यक्ष इंधन केव्हा सुटते याचे माप चालत्या इंजिनावर संगणकातूनच घ्यावे लागते. इंजिनाचा संगणक पंपातल्या सोलेनॉइडच्या साहाय्याने इंधनाची वेळ पुढे-मागे करतो, परंतु ते मूळ स्थितीच्या आसपासच करू शकतो. मूळ स्थितीच दूर असेल तर तो एका टोकाला पोहोचून थांबतो.

लॅपटॉप केबलने जोडला, पाणी ८० अंशांच्या वर जाईपर्यंत गाडी फिरवून आणली आणि व्हीसीडीएसमध्ये (गाडीचा संगणक वाचणाऱ्या प्रणालीत) टीडीआय टायमिंगचा आलेख उघडला. आलेखावर तीन रेषा असतात, दोन मर्यादेच्या आणि एक मधली. इंधनाच्या तापमानाप्रमाणे योग्य माप बदलते म्हणून त्या तिरक्या असतात. आमचा बिंदू दोन्ही मर्यादांच्या आत होता, पण मधल्या रेषेच्या खाली, म्हणजे इंधन थोडे उशिरा सुटत होते. मर्यादेत आहे म्हणून सोडून देता आले असते. इंजिन बंद करून पंपाचे तीन बोल्ट सैल केले, मधल्या नटाच्या आधाराने हब अगदी थोडा फिरवला, बोल्ट आवळून पुन्हा मोजले. या कामात पान्याची हालचाल डोळ्यांना जेमतेम जाणवते आणि आलेखावर मात्र मोठी दिसते. बिंदू मधल्या रेषेवर स्थिरावल्यावर एकेक जुना बोल्ट काढून त्या जागी नवा लावला. एका वेळी एकच बोल्ट काढला, त्यामुळे उरलेल्या दोघांनी पुली धरून ठेवली. तिन्ही नवे बोल्ट २० न्यूटन-मीटर आणि वर पाव फेरा आवळले. शेवटी पुन्हा आलेख पाहिला. बिंदू हललेला नव्हता.

गाडीत लगेच जाणवलेला फरक थंड असतानाच्या धुराचा आहे. पूर्वी सकाळी सुरू केल्यावर मागे पांढुरका धूर थोडा वेळ राहत असे, आता तो जवळपास दिसत नाही. उशिरा सुटलेले इंधन थंड सिलिंडरमध्ये पूर्ण जळत नाही, त्याचे हे लक्षण असावे. पेडलला प्रतिसादही खालच्या फेऱ्यांत थोडा लवकर येतो, पण हा माझा अंदाज आहे, मोजलेली गोष्ट नव्हे.

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

दरम्यान गाडी जालना आणि अहिल्यानगरपर्यंत जाऊन आली. आज वरचे कव्हर उघडून थंड इंजिनावर टेन्शनर पाहिला. खाच आणि उंचवटा समोरासमोर आहेत. बेल्टचे काठ दोन्हीकडे सारखे, रोलरच्या मध्यावर. पाण्याच्या पंपाखालची जागा कोरडी. कूलंटची पातळी थंड असताना खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये.

बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर टिकाऊ शाईने लिहून वरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवले, आणि बिलांसह हीच नोंद गाडीच्या फाइलमध्ये लावली. पट्टी, पिन आणि दोन्ही पाने तेल लावून कापडात गुंडाळले. मामांच्या शेजाऱ्याकडे याच इंजिनाची गाडी आहे आणि तिच्या फाइलमध्येही बेल्टची नोंद नाही, म्हणून तो खोका आता त्यांच्याकडे जाणार आहे.